अक्काच्या दावणीला लॅपटॉप

आमच्या अक्काचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. तिचे डोळे अधू होते असं नाही, सत्तरी ओलांडल्यावरही ती सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची. पण वस्तू चांगली की वाईट हे ठरवायचं काम तिने हातांकडे दिलेलं होतं. वांगं असो, गादी असो, घरात येणारी सून असो, अक्का आधी दोन बोटं रुतवून दाबून बघणार आणि मग तोंड उघडणार. माझ्या थोरल्या भावासाठी, दादासाठी, आम्ही मुलगी बघायला गेलो होतो. चहा पुढे आला, तो अक्काने बाजूला सारला आणि उठून थेट होणाऱ्या वहिनीच्या पाठीमागे जाऊन बसली. कमरेच्या जरा वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि बोटं लावून तिने दाबलं आणि भर बैठकीत जाहीर केलं, "पोरगी चांगली हाय. पर खायला कमी घालायलाव तुमी." मुलीच्या बापाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वहिनी ही गोष्ट अजून सांगते आणि अजून निम्मी चिडून सांगते.

पण तिचा तरी काय दोष? मेंढरं अशीच पारखतात. आम्ही औराद तालुक्यातल्या चिंताकीचे धनगर. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, मग ती विकून जमीन घेतली आणि आम्ही तूर-सोयाबीनवाले झालो. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला तिकडे आळंद तालुक्यातल्या खजुरीला दिलं होतं. नवरा लवकर गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. ती आली तेव्हा मेंढरं विकून झाली होती. हाताची सवय मात्र तशीच राहिली, मग तो हात समोर येईल त्याच्या पाठीवर फिरू लागला. बिदरच्या एका डॉक्टरांनी तिची छाती तपासायला नळी लावली, तर तिने त्यांचीच पाठ चाचपली आणि "डाक्टर, बसून बसून कंबर घालवायलाव," असं बजावून आली. घरी मराठीत, कंडक्टरशी कानडीत आणि दुकानदाराशी उर्दूत ती सारख्याच जोराने भांडायची. तेलुगू तिला मिरची घेण्यापुरतं यायचं. आम्ही घरातले सगळे तिला अक्काच म्हणायचो, लहान-थोर सगळे, आणि सगळे थोडे घाबरायचो.

अशा बाईच्या हातात माझं आयुष्य जाऊन पडलं, तेही टॅब आणि लॅपटॉपच्या भानगडीत.

झालं असं, की मी बिदरला सिव्हिलचा डिप्लोमा करत होते. शेवटचं वर्ष होतं. कलबुर्गीचे एक इंजिनियर आमच्या कॉलेजात आले होते, त्यांनी माझे नकाशे बघितले आणि म्हणाले, "सुट्टीत घरून दोन-तीन घरांचे नकाशे काढून पाठव. बरे वाटले तर कामावर घेतो." मी हवेत तरंगत घरी आले आणि जेवताना सांगितलं, की मला लॅपटॉप लागेल. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाकरीचा घास तसाच हातात धरला. त्यांच्या मनात माझं लग्न होतं. उदगीरकडचं एक स्थळ त्यांनी हेरून ठेवलं होतं, मुलाला किराणा दुकान होतं आणि दुकानावर फ्रीज होता, याचं त्यांना फार कौतुक. पण ते वाईट नव्हते. "दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर बघू," एवढी सवलत त्यांनी दिली होती. आता दिवाळीपर्यंत नोकरी, नोकरीसाठी नकाशे आणि नकाशांसाठी लॅपटॉप, असा माझा सरळ हिशेब होता.

पण घरातल्या घरात गोष्ट सरळ कधी असते? दादा औरादला खताच्या दुकानात कामाला. त्याने लगेच सांगितलं, की आजकाल लॅपटॉप कोण घेतं, टॅब घ्यावा. त्याच्या पोरीचा, म्हणजे चिंगीचा अभ्यास होईल, अप्पांना तुरीचा भाव कळेल, आईला मामाशी बोलता येईल. "आन् हिचं काय ते नकाशे का बिकाशे, तेबी दिसतेत त्याच्यात," असं त्याने शेवटी चिकटवून दिलं. दिसतात हे खरं होतं. पण माझं नकाशांचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नव्हतं, म्हणजे मला बघता आलं असतं, काढता आलं नसतं. हा फरक मी तीनदा समजावला. आई म्हणाली, "बगता येतंय न्हवं सुमी, मग झालं की." अप्पांनी घास तोंडात घातला आणि निकाल दिला, "टॅब घेऊ. सगळ्याचं व्हतंय."

तेवढ्यात दाराजवळच्या बाजेवरून अक्का बोलली, "हात लावल्याबिगर कामून घेयालाव रं? दोन्ही आना. आठ दिस दावणीला बांधा. मग बगू."

अप्पांनी कपाळाला हात लावला. आमच्याकडे बाजारातून मेंढा आणला की तो आठ दिवस घरी ठेवून, खातो कसा, चालतो कसा, रात्री ओरडतो का हे बघूनच सौदा पक्का करत, म्हणे. यंत्रांच्या दुकानात ही सोय नसते. पण अक्कापुढे बोलायचं कुणी? शेवटी दादाने दुकानातल्या मित्राचा, विकायला काढलेला टॅब आणला, आणि मी बिदरच्या माझ्या मैत्रिणीचा, शबानाचा जुना लॅपटॉप आणला. ती नवा घेणार होती, तेव्हा हा विकायचा की धाकट्या बहिणीला द्यायचा याचा विचार चालला होता. "आठ दिन रख ले, मगर संभाल के," असं तिने चारदा बजावलं होतं.

अक्काने दोघांना बाजेवर शेजारी शेजारी ठेवलं आणि परीक्षा सुरू केली. टॅब उचलला, उलटा केला, वजन केलं. "ह्याला तोंड न्हाई, बूड न्हाई. दात न्हाईत तर वय कसं कळावं?" मग लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि बटणांवरून बोट फिरवलं. मधल्या चार-पाच बटणांवरची अक्षरं घासून पुसली होती. "ह्याचं दात झिजलेत बग. चार वर्साचं हाय." मी चकित झाले. शबानाने तो बरोबर चार वर्षांपूर्वी घेतला होता.

पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात अपमानास्पद दिवस होते, कारण टॅब खरोखरच चांगला निघाला. मला तो दुष्ट निघायला हवा होता. पण तो ज्वारीच्या पिठाच्या डब्याला टेकून उभा राहायचा आणि आई भाकरी थापता थापता उदगीरच्या मामाशी बोलायची. मामाला अर्धा वेळ नुसतं छप्पर दिसायचं, पण त्याची तक्रार नव्हती. वहिनीचे हात पिठाचे असले की ती कोपराने पान सरकवायची. चिंगी त्यावर पाढे म्हणायची आणि कुणाचं लक्ष नसताना फुगे फोडायची. अप्पा तुरीचा भाव बघायला म्हणून घ्यायचे आणि कुस्त्या बघत बसायचे. लाईट गेली तरी तो दिवसभर चालायचा. पडला, तर काही झालं नाही. तेलाचा हात लागला, तर पदराने पुसला.

आणि माझा लॅपटॉप? त्याचं नाव काढू नका. वायर काढली की पाऊण तासात मान टाकायचा, आणि आमच्याकडची लाईट तर पाहुण्यासारखी, आली तर आली. मांडीवर ठेवला की मांडी भाजायची. आतला पंखा असा घुरघुरायचा, की आई चुलीजवळून विचारायची, "बाहेर कुनाचं ट्रॅक्टर आलंय का गं?" चौथ्या दिवशी मी पाणी प्यायला उठले आणि परत येऊन बघते तर अक्का त्याच्यावर ओलं फडकं घालायच्या बेतात. "ताप हाय ह्याला," ती म्हणाली. मी किंचाळून फडकं हिसकावलं. ती रागावली नाही. तिने तळहात झाकणावर ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मला विचारलं, "तू ह्याच्यात काय करायलीस ते दाव."

मी दाखवलं. एका घराचा आराखडा अर्धा झाला होता. अक्काला रेघा कळल्या नाहीत, पण कुठे भिंत आणि कुठे दार हे सांगितल्यावर ती बोट फिरवत घरात शिरली. ओसरीतून आत गेली, स्वयंपाकघरात थांबली आणि म्हणाली, "हितं चूल, आन् हितं मोरी. मग खरकटं पानी बाईनं समद्या घरातून फिरवत न्हायचं का? कुठल्या गाढवानं काढलंय?" गाढव तिच्या पुढ्यात बसलं होतं. मी मोरी हलवली. नंतर त्या इंजिनियरांनी नेमकी तीच गोष्ट वाखाणली, आणि मी श्रेय निर्लज्जपणे स्वतःकडे घेतलं.

आठवा दिवस रविवार होता. सकाळी सगळे ओसरीत जमले. अप्पांनी विचारलं, "सांग मग अक्का. कोन्तं?"

"घराला ती पाटी चांगली," अक्का टॅबकडे बोट करून म्हणाली. "हलकी हाय, थंड हाय, कुनाच्याबी मांडीवर बसतीय. लाईट गेली तरी वरडत न्हाई. ही पेटी म्हंजे दुखनाईत म्हातारी. सारकी वायरला धरून."

एवढे दिवस हिच्यासमोर रेघा ओढल्या आणि ही अशी उलटली? मला रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती, म्हणून मी चिंगीच्या डोक्यावर उगाच एक टपली मारली.

"झालं तर मग," अप्पा उठत म्हणाले. "म्या काय सांगत हुतो?"

"बस की खाली," अक्का म्हणाली. "घराचं झालं. पोरीचं कुटं झालं?"

ती उठून मागच्या खोलीत गेली आणि एक वाटी घेऊन आली. वाटीत काव होती, भिंतीला लावतात तो तांबडा मातीचा रंग, जवसाच्या तेलात कालवलेला. आम्हाला काही कळायच्या आत तिने त्यात बोट बुडवलं आणि शबानाच्या लॅपटॉपच्या चकचकीत झाकणावर दोन ठसठशीत आडव्या रेघा ओढल्या.

"अक्का! लोकाचा हाय तो!" मी ओरडले.

"हुता," अक्का म्हणाली.

दादा हसायला लागला. अप्पा हसले नाहीत. ते त्या रेघांकडे बघत राहिले. मग अक्का मला सांगू लागली, पण बघत होती अप्पांकडे. आमच्या घरात मुलगी जन्मली की तिच्या नावाचं एक कोकरू काढायचे. त्याच्या पाठीवर कावेने तिची खूण करायचे, दर मुलीची खूण वेगळी. त्या कोकराची पुढची सगळी पिल्लं तिची. ती सासरी गेली तरी तिचीच, कळपात राहिली तरी तिचीच. बापाने, भावाने हात लावायचा नाही. अक्काची खूण दोन आडव्या रेघा होती. तिची सतरा मेंढरं झाली होती.

"म्या खजुरीला हुते तवा समदा कळप इकला," ती म्हणाली. "माजी सतरा धरून. परत आले तर दावण रिकामी."

"बानं इकला, अक्का," अप्पा हळूच म्हणाले.

"बाजारात दोर कुनाच्या हातात हुता? तुला खूण दिसली न्हाई?"

"सगळ्यासाठी जमीन घेतली की. तूबी त्याच जमिनीचं खातीस."

"व्हय, खाते की. सगळ्याचं जेवन झाल्यावर." ती आता ओरडत नव्हती. "आठ दिस हितं बसून बगायलेय म्या. ती पाटी सगळ्याची. चिंगीच्या हातात गेली, बायकूच्या गेली, तुज्या गेली. हिच्या हातात कवा आली? सगळ्याचं झाल्यावर, तिचा जीव सपल्यावर. ती घ्या, चांगली हाय. पर ही पेटी सुमीची. ही बिघडू दे न्हाईतर जळू दे, हिला कुनी हात लावायचा न्हाई."

आठवून पाहिलं तर खरंच होतं. आठ दिवसांत टॅब माझ्या हाती तीनदा आला आणि तिन्ही वेळा चार्जिंग संपत आलेलं होतं. मी हे मोजलंही नव्हतं. घरात असंच असतं असं समजून मी तो चार्जिंगला लावून देत होते.

अप्पांनी पुन्हा त्या दोन रेघांकडे बघितलं. मग त्यांनी मला विचारलं, "पुसती का गं ही?"

"जवसाच्या त्येलातली हाय," अक्काच म्हणाली. "न्हाई पुसत."

शबानाला फोन लावायची माझी हिंमत नव्हती. अप्पांनी स्वतः लावला. फोनमधून तिचा आवाज अख्ख्या ओसरीला ऐकू आला, "क्या कर दिये तुम लोगां मेरे लॅपटॉप को?" अप्पांनी तोडक्यामोडक्या उर्दूत सांगितलं, की आमच्या बहिणीने तो आमच्या पोरीसाठी घेतला आहे. "लिये? पूछे बगैर लिये?" शबाना म्हणाली, आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. हसत हसतच तिने किंमत सांगितली. अशा रीतीने आमच्या घरात एकच यंत्र यायचं होतं तिथे आठ दिवसांत दोन आली. दादा अजून म्हणतो, की अक्काने दुकानदारी केली असती तर औराद विकत घेतलं असतं.

त्यानंतर अक्का लॅपटॉपची राखण करू लागली. त्यावर पाण्याचा तांब्या ठेवलेला तिला चालायचा नाही, कुणी नुसतं जवळून गेलं तरी ती खाकरायची. चिंगीने एकदा झाकण उघडलं तर "तुजं तुला भेटंल, तुज्या येळंला," असं म्हणून तिला उचलून बाजूला ठेवलं. मलाही तो कुणाला द्यायची परवानगी नव्हती. मी तीन घरांचे नकाशे पूर्ण केले, आणि दिवाळीआधी कलबुर्गीला कामावर रुजू झाले. उदगीरच्या मुलाचं लग्न दुसरीकडे ठरलं. अप्पांना फ्रीजचं वाईट वाटलं. ऑफिसात सगळे विचारायचे, या तांबड्या रेघा कसल्या. मी सांगायचे, कंपनीचं चिन्ह आहे, फार मोजके निघाले होते.

मागच्या वर्षी सोयाबीन काढणीला आलं आणि अक्काने अंथरूण धरलं. बिदरच्या दवाखान्यात जायला ती तयार होईना. वहिनीने टॅबवरून मला व्हिडिओ लावला. आधी चिंगी बोलली, मग आई, मग दादा, मग अप्पा, मग शेजारची एक बाई जिला मी ओळखतही नव्हते. अक्काच्या तोंडासमोर टॅब गेला तेव्हा चार्जिंग संपत आलं होतं. तिने हे बघितलं आणि दात नसलेल्या तोंडाने हसली. "बग, आला का म्या म्हनले तसा?" मग डोळे बारीक करून म्हणाली, "ह्याच्यात दाबून बगता येत न्हाई की गं. वाळलीस का काय, कळंना झालंय." मी सांगणार होते, की मी येते, उद्याच येते, तेवढ्यात पडदा काळा झाला. मी दुसऱ्या दिवशी निघाले नाही. साइटवर स्लॅब ओतायचा होता. मी तिसऱ्या दिवशी पोचले, तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. ते माझ्या हातून झालं ते झालं, आणि मला ते अजून सहन होत नाही.

या उन्हाळ्यात अप्पांनी गावाबाहेरच्या रस्त्याला नवं घर बांधायचं ठरवलं. नकाशा अर्थात मी काढायचा. मी दोन दिवसांची रजा काढून घरी आले, ओसरीत बसून काम सुरू केलं. मन लावून काढला. अप्पा-आईची खोली, दादा-वहिनीची खोली, चिंगीला अभ्यासाची जागा, मोरी चुलीजवळ, देवघर, तुरीच्या पोत्यांना वेगळी खोली, ट्रॅक्टर आला तर म्हणून मोठं फाटक. अप्पा मागे हात बांधून शेजारी उभे राहिले आणि प्रत्येक खोली विचारून घेऊ लागले. ही कुणाची, ती कुणाची. मी रुबाबात सांगत होते. सगळं बघून झालं तरी ते हलले नाहीत.

"तुजी कुटाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "मला कशाला, अप्पा? मी तर तिकडं कलबुर्गीला. आले तर झोपेन कुठंबी, सगळ्यांत."

बोलून झाल्यावर मी काय बोलले ते माझ्या कानांवर आलं. अक्का असती तर वाटी घेऊनच आली असती. अप्पा पडद्याकडे बघत राहिले.

"येक डाव आसंच झालं आपल्या घरात," ते म्हणाले. "कुनी इचारलंच न्हाई. काढ."

मी तुरीच्या पोत्यांची खोली निम्मी केली आणि उरलेल्या निम्म्यात एक खिडकी आणि एक दार काढायला घेतलं. अप्पा खाली वाकले, पण लॅपटॉपला हात न लावता, लांबूनच त्या दारावर बोट धरून म्हणाले, "हिला कडी आतून ठीव."